सहीभोवतीची वेल

आमच्या घरात नवी कोरी नोट आली की ती सरळ कोणाच्या हातात पडली, असं कधी झालं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी ती घेऊन खिडकीशी जायचे. दूधवाला दारात खोळंबलेला, आई कपाळाला हात लावून उभी, आणि हे नोट डोळ्यांशी धरून तिच्या कडेची नक्षी बघतायत. नोटेवर चित्र कोणाचं, सही कोणाची, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. कोपरा घाईत उरकलाय, असलं काहीतरी पुटपुटून ते नोट परत करायचे. मग आई म्हणायची, झालं समाधान? आता त्या बिचाऱ्याला जाऊ द्या.

अण्णा अंबरनाथच्या एका छापखान्यात बॉर्डर काढायचे. शेअर सर्टिफिकेटं, डिव्हिडंडची वॉरंटं, लॉटरीची तिकिटं, असल्या कागदांच्या कडेने जी वेलबुट्टी असते ना, ती. मोठ्या कागदावर काळ्या शाईने हाताने काढायची, मग फोटो घेऊन ती लहान करायची. सगळी नोकरी माणसाने हेच केलं आणि घरात त्यातला एक तुकडा नाही. छापखान्याच्या गेटवर झडती व्हायची, खराब निघालेला कागदसुद्धा भट्टीत जायचा. पुढे छापखाना बंद पडला, शेअर कॉम्प्युटरमध्ये गेले, लोकांनी सर्टिफिकेटं जमा करून टाकली. अण्णांचं काम असं निमूटपणे नाहीसं झालं, आणि त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

मला कागद जमवायचा नाद लागला तो त्यातूनच. बदलापूरच्या आमच्या फ्लॅटमधलं एक अख्खं कपाट जुन्या हुंड्या, चेक आणि बंद पडलेल्या कंपन्यांच्या सर्टिफिकेटांनी भरलंय. माझी मुलगी म्हणते, आई, तू वाळवीची कायमची सोय केलीस. म्हणू दे. पण एवढं जमवूनही अण्णांची एक बॉर्डर काही हाती लागत नव्हती, आणि मध्येच त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले. समोरचं मधलं दिसेनासं झालं, कडेचं तेवढं दिसायचं. तेही फार टिकेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. परत येताना रिक्षात अण्णा एवढंच म्हणाले, "माझं एखादं काम एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं." जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही या माणसाने. मी उगाचच रिक्षावाल्यावर डाफरले.

मग मी हट्टालाच पेटले. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एका सिंधी काकांचं दुकान आहे. बंद झालेल्या ऑफिसांतले कागदांचे गठ्ठे ते उचलतात आणि माझ्यासारख्या वेड्यांना विकतात. वयाने माझ्यापेक्षा मोठे, पण मला 'अदी' म्हणतात, म्हणजे ताई. त्यांना मी बजावून ठेवलं होतं, अंबरनाथच्या त्या छापखान्याचं काही आलं तर आधी मला फोन. आणि एका दुपारी फोन आला. एका सूतगिरणीचा गठ्ठा मिळालाय, प्रत्येक कागदाखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आहे. मी गॅस बंद केला की नाही हे मला विठ्ठलवाडीला पोचल्यावर आठवलं. मुलीला फोन केला, तिने बंद केला होता.

दुकानात काकांनी मोठ्या कौतुकाने एक आल्बम समोर ठेवला. उघडला तर आत नुसत्या सह्या. गिरणीच्या मालकाची, संचालकांची, एकेक सही कात्रीने नीट चौकोनी कापून चिकटवलेली. "अदी, डिमांड सही की है," ते म्हणाले. "बाकी कागज कौन रखता है?"

बाकीचे कागद कुठे आहेत म्हणून विचारलं, तर पोत्यात. संध्याकाळी रद्दीवाला नेणार होता.

माझं असं काही डोकं फिरलं की विचारू नका. मी मराठीत सुरुवात केली, हिंदीवर आले, आणि शेवटी त्यांच्याकडूनच शिकलेले चार सिंधी शब्द त्यांनाच ऐकवले. काकांनी स्वतः पोतं ओढत आणलं. मी तिथेच फरशीवर फतकल मारून बसले. कुठे चहा सांडलेला, कुठे कात्री वेडीवाकडी जाऊन कड गेलेली. मन मारून एकेक कागद बाजूला टाकत होते, आणि तळाशी हिरव्या शाईतली ती वेल दिसली.

ती वेल मी कुठेही ओळखली असती. चाळीत दिवाळीला आई रांगोळीचं मधलं काढायची आणि कड अण्णांची. तिथे दुसऱ्या कोणाचं बोट चालायचं नाही. प्रत्येक फूल अर्धं, पानामागे दडलेलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, अहो, एखादं तरी पूर्ण फुलू द्या की. तीच ती दडलेली फुलं या कागदावर चारी बाजूंनी होती, एकही कड न फाटता. फक्त खाली, सहीच्या जागी, चौकोनी भोक. कागद गुंडाळून देताना काका माझ्याकडे बघत नव्हते.

घरी येईपर्यंत त्या भोकाने मला छळलं. एवढ्या वर्षांनी अण्णांना त्यांचं काम दाखवायचं, तेही असं?

अण्णा गॅलरीत बसले होते. कागद हातात दिला. कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून त्यांनी तो कडेकडेने बघायला सुरुवात केली. बोट वेलीवरून फिरत होतं. उजव्या कोपऱ्यापाशी ते थांबलं.

"हे पान बघ," ते म्हणाले. मी भिंग लावलं. सगळ्या पानांची टोकं वर, हे एकच खाली वळलेलं. "मुद्दाम काढलंय. नकली छापणारा ते चूक समजून सरळ करतो आणि तिथेच पकडला जातो." हे फक्त त्यांना आणि मॅनेजरला ठाऊक होतं म्हणे. इतका खुशीत आलेला माणूस मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. आणि ते भोक? ते त्यांना दिसलंच नव्हतं. बोट त्यात गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. अण्णा खोकला येईपर्यंत हसले. मालकाची सही कापली गेली आणि आपली बॉर्डर राहिली, हे त्यांनी दोनदा म्हणून बघितलं.

तेव्हा मला सुचलं. मागून पांढरा कागद चिकटवला, पेन दिलं आणि म्हटलं, इथे तुम्ही सही करा. तर चिडलेच. "वेडी का काय? बॉर्डरवाल्याची सही नसते."

"आता गेटवर कोण बसलंय झडती घ्यायला?" मी म्हटलं.

मग त्यांनी वर्तमानपत्र मागितलं आणि त्याच्या कोऱ्या कडेवर हात बसवून बघितला. मी त्यांचं बोट भोकाच्या काठाशी नेऊन ठेवलं. माझ्या प्रगतिपुस्तकावर, गणिताच्या लाल रेघेखाली असायची, तीच सही उमटली, जरा थरथरलेली. मी चक्क रडले. शाई फिसकटेल, लांब हो, म्हणाले.

फ्रेम आता बाहेरच्या खोलीत आहे. परवा काका उरलेला गठ्ठा घेऊन बदलापूरला आले, तर चष्मा लावून फ्रेमपाशीच थबकले. ही सही कोणाची, कोणी मोठा माणूस होता का, म्हणाले. ज्याने ही वेल काढली त्याची, मी म्हटलं, आणि खुर्चीत बसलेल्या अण्णांकडे हात केला.

काकांनी एकदा फ्रेमकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे. मग पिशवीतून तो आल्बम काढला, कोरं पान उघडून अण्णांच्या मांडीवर ठेवलं आणि आपलं पेन पुढे केलं.

अण्णांनी मान तिरकी केली. "पानाची कड कुठे आहे," मला म्हणाले, "तेवढं दाखव."