मागं सरकणारी चप्पल

साताऱ्यात एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसायचे. तिथं नंबर कागदावर नसायचा, चपलांचा असायचा. मेढ्याकडची पहिली एसटी यायची तेव्हा आमच्या दाराला कुलूपच असायचं. बायका पायरीपासून चपला ओळीनं लावायच्या आणि समोरच्या कट्ट्यावर उन्हाला बसायच्या. "पुढची चप्पल कुणाची?" एवढं विचारणं हे माझं राज्य. डॉक्टर मॅडमनी एकदा टोकनचं मशीन आणलं होतं, ते धूळ खात पडलं.

थंडीत दार उघडलं की धुकं सरळ काउंटरपर्यंत यायचं. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आतल्या खोलीतून बाळाच्या ठोक्यांचा आवाज यायचा, लांबच्या विहिरीवर इंजिन चालू असावं तसा. तो ऐकताना मी डोळे उघडे ठेवून कुठं तरी निघून जायचे. लोकांना दोनदा हाक मारावी लागायची.

अशाच एका सकाळी पहिली चप्पल, हिरव्या पट्ट्याची, मागं गेलेली दिसली. वाटलं, झोपेतच आहे मी. पुढं घुसायला बायका काय काय करतात ते मला पाठ होतं, पण मागं जाणारी कधी बघितली नव्हती. थोड्या वेळानं ती आणखी मागं. एक गरोदर पोरगी हळूच उठून पायानं ती सरकवत होती आणि तिची सासू कट्ट्यावरून बघत होती.

तपासायचं आहे की नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. सासूनं मला बाजूला घेतलं. मुलगा फौजेत, वर बर्फात. तिथं रेंज नाही, पोस्टवरच्या फोनवर पाळी आली तरच बोलणं. आज लावतो म्हणालाय, पण कधी ते त्यालाही माहीत नाही.

"त्येला पोराचं ठोकं ऐकायचं हायत," ती म्हणाली. "सुट्टी मिळंल तवा पोर रांगत असंल."

मग मीच उशिरा आलेल्यांना पुढं सोडू लागले. बातमी कट्ट्यावर पोचली तशा बायका न विचारता आपल्या चपला हिरव्या पट्ट्याच्या पुढं ठेवू लागल्या. दुपार झाली, तेवढी एकच चप्पल उरली. फोन काही वाजला नाही. मॅडमना दुसरीकडं ऑपरेशनला जायचं होतं, त्यांनी तिला आत बोलावलं आणि तपासून सोडलं. ती बाहेर येऊन चप्पल घालू लागली. नात्याची ना गोत्याची, पण मला रडू यायला लागलं.

ती पायरी उतरत असताना सासूच्या हातातला फोन वाजला.

मॅडम पर्स खांद्याला लावून दारात. आत मोबाईल त्यांना अजिबात खपत नसे आणि मी त्यांना टरकून असायचे. तरी मी त्यांच्या वाटेत उभी राहिले आणि सांगितलं, हिच्या नवऱ्याला ठोके ऐकायचेत. त्यांनी पर्स माझ्या हातात दिली आणि मागं फिरल्या.

पोरगी परत टेबलावर आडवी झाली. सासूनं फोन स्पीकरवर टाकून मशीनजवळ धरला. खोलीभर ठोके घुमू लागले, पण फोनमधून काहीच आवाज येईना. लाइन गेली असं वाटून सासू फोनवर वाकली.

"आरं, ऐकू येतंय का?"

काही नाही. तिनं परत विचारलं.

"आयं, गप ऱ्हा की जरा," तो अगदी हळू म्हणाला. "ऐकू दे."

मॅडमनी मशीनचा आवाज वाढवला.