ठरावचाचा

कुठलाही ठराव वाचून झाला की ठरावचाचा हात वर करायचे. बाजूनं नाही की विरोधातही नाही. पंजा कानापर्यंत नेऊन थांबायचे आणि अध्यक्ष "बोलिए" म्हणाले की विचारायचे, "ता ठीक हाय. पन त्या पोराच्या घरी जाऊन ता कोन सांगनार?" कमिटीतली बाकीची बोलणी हिंदीत नाहीतर इंग्रजीत चालत. हा एक प्रश्न मात्र चाचांना त्यांच्या बाणकोटी बोलीतच सुचायचा. आमचे अध्यक्ष केरळचे. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण 'कोन सांगनार' एवढं त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी कळलं असतं.

आमची शाळा बहरीनमधल्या भारतीय मुलांची. ती सरकारी नव्हती आणि कोणा एका मालकाचीही नव्हती. ज्याचं मूल शाळेत तो सभासद. सभासदांनी दर दोन वर्षांनी सात जणांची कमिटी निवडायची आणि त्या सातांनी शाळा चालवायची, वरून शिक्षण मंत्रालयाची नजर. आखाती युद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. नवरा इथे एसी दुरुस्तीच्या कामाला होता, त्याच्या मागोमाग मी वाईहून आले. टायपिंग येत होतं म्हणून शाळेच्या ऑफिसात लागले. कमिटीच्या बैठकीत कोपऱ्यात बसून मिनिट्स लिहायची आणि प्रवेशाच्या फायली सांभाळायच्या, हे माझं काम.

चाचा मूळचे दापोलीकडचे. मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानात ते स्टोअरकीपर होते. शिक्षण सातवीपर्यंत, तेही उर्दूत. कमिटीत बँकवाले, इंजिनिअर, एक डॉक्टर. त्यांच्यात हा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला, दोऱ्यांचा आणि रंगाच्या डब्यांचा वास येणारा माणूस तीनदा निवडून आला होता.

मी लागल्यावर पहिल्याच महिन्यात अध्यक्षांनी ठराव आणला की सात वाजून दहा मिनिटांनी फाटक बंद करायचं आणि उशिरा आलेल्या मुलांना परत पाठवायचं. चाचांनी हात वर केला, प्रश्न विचारला आणि मग स्वतःच उत्तर सुचवलं. आठवडाभर अध्यक्षसाहेबांनीच फाटकावर उभं राहावं आणि परत जाणाऱ्या पोरांना कारण सांगावं. अध्यक्ष तसे भले माणूस, ते खरंच उभे राहिले. जूनच्या उन्हात टाय लावून. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की उशिरा येणारी जवळजवळ सगळी मुलं सनद वस्तीच्या एकाच बसमधली आहेत आणि ती बस निघतेच उशिरा. ठराव मागे घेतला आणि बस वीस मिनिटं आधी काढली. त्या बैठकीनंतर ऑफिसात चाचांचं नाव 'ठरावचाचा' पडलं.

इंग्रजी कागद ते बोट ठेवून सावकाश वाचायचे. बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी दुकान बंद झालं की शाळेत यायचे आणि माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढायचे. "बाय, आता ह्या मला मराठीत सांग."

एकदा मी वाचून दाखवलं, "रॅशनलायझेशन ऑफ बस रूट्स."

"म्हंजे?"

"म्हणजे... दोन बस कमी करणार."

"मग तसा लिव ना!" असं म्हणून ते खुर्चीत मागे रेलले. "मराठीत सांगताना जीभ अडकते ना, तो ठराव परत वाचायचा, बाय. त्यात कुठंतरी गडबड हाय."

मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. आजही एखादा सरकारी कागद हातात आला की मी तो मनातल्या मनात मराठीत सांगून बघते.

शाळेच्या निवडणुकीच्या दिवशी चाचा वेगळेच दिसायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तर, आणि मतदान सुरू व्हायच्या अर्धा तास आधी रांगेत पहिला नंबर. मी एकदा थट्टा केली, "चाचा, ईद आहे का आज?" ते हसले नाहीत. म्हणाले, "एकोणीस वर्षांचा व्हतो तवा बोटीत बसलो. तवा गावात मत द्यायचा वय एकवीस, ता झाला तवा मी हिकडं. आन हिकडं आपल्याला कोन विचारतो? व्हिसावाला कफील सांगल ता खरा. बाय, उभ्या जन्मात मी चिठ्ठी टाकली ती ह्या शाळेच्याच पेटीत." एवढं बोलून ते पुढे सरकले. मी मतदारयादीवर त्यांच्या नावापुढे खूण केली आणि माझ्या लक्षात आलं की मत तर मीही अजून कुठेच दिलेलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

एका वर्षी केजीच्या प्रवेशाला फार गर्दी झाली. शिकणाऱ्या मुलांची भावंडं आधी घेतली. उरलेल्या आठ जागांसाठी चिठ्ठ्या काढल्या. प्रवेश समितीचे प्रमुख चाचा, चिठ्ठ्याही त्यांनीच काढल्या. आठव्या चिठ्ठीवर त्यांच्या धाकट्या भावाच्या, इक्बालभाईंच्या मुलीचं नाव निघालं. सना. चाचांचे कान लाल झाले, पण चिठ्ठी सगळ्यांसमोर निघाली होती, कुणी काही बोललं नाही. यादी फलकावर लागली.

चार दिवसांनी फायली लावताना माझ्या हाताला एक फॉर्म लागला. सनदला राहणारे जाधव म्हणून एक ड्रायव्हर होते, त्यांच्या मनीषाचा. जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, मराठीत. इंग्रजी भाषांतर जोडलेलं नाही असं समजून मी तो 'अपूर्ण'च्या गठ्ठ्यात टाकला होता. म्हणजे त्या मुलीचं नाव पेटीत पडलंच नव्हतं. आता पान उलटलं तर मागे भाषांतर होतं, शिक्क्यासकट, पिन मारलेलं. तो दाखला वाचता येणारी ऑफिसात मी एकटी, आणि चूक माझीच. नोकरी जाणार हे दिसत होतं. फॉर्म पर्समध्ये घालून घरी न्यावा असंही क्षणभर मनात येऊन गेलं. मग फोन उचलला आणि चाचांना दुकानातून बोलावून घेतलं.

त्यांनी दाखला वाचला नाही, माझ्याकडेच बघितलं. "फॉर्म अपुरा व्हता?"

"नव्हता."

"बरं. पानी पी."

शुक्रवारी दुपारी तातडीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "भाईसाहब, लिस्ट लग गई है. अब खलास. उस बच्ची को अगले साल पहले ले लेंगे." चाचांचं म्हणणं की आठही जागा रद्द करून चिठ्ठ्या पुन्हा काढायच्या. डॉक्टरांनी त्यांना हळूच आठवण करून दिली की त्या आठांत तुमची पुतणी आहे. "म्हनून तर," चाचा म्हणाले. हात वर झाले, चार विरुद्ध तीन, चाचांच्या बाजूनं. कुणी काही विचारायच्या आतच ते पुढे म्हणाले, "आठी घरी मी सांगनार."

मिनिट्समध्ये चूक कोणाची लिहायची हा प्रश्न आला. मी मान खाली घालून माझं नाव लिहायला लागले, तर चाचांनी कागदावर हात ठेवला. "'प्रवेश समितीच्या प्रमुखाची जबाबदारी' असा लिव."

"चाचा, फॉर्म मी टाकला होता."

"तू फायल ठेवतेस. ती बरोबर हाय का ता बघायला लोकांनी मला निवडून दिलाय. मी बघितली नाय."

त्यांच्या जुन्या गाडीतून तीन संध्याकाळी आम्ही घरं फिरलो. मी हट्टानं बरोबर गेले. कुणी आरडाओरडा केला, एकांनी दार आपटलं, एका बाईंनी सगळं ऐकून घेऊन सरबत दिलं. चाचा प्रत्येक घरी तेच सांगत, तितकंच सांगत. सात घरं झाल्यावर त्यांनी गाडी सूकच्या मागच्या गल्लीत लावली. वर इक्बालभाईंचं घर.

सनाचा गणवेश शिवून आला होता. ती तो घालून आम्हाला दाखवायला बाहेर आली, स्वतःभोवती गिरकी घेतली. चाचांनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत भावाला सगळं सांगितलं. इक्बालभाई उठून खिडकीशी गेले. त्यांची बायको म्हणाली, "भायजान, परत काढनार तर काढा. चिठ्ठी तर तुमच्याच हातात हाय." तिचा काही वाईट हेतू नव्हता. आईनं म्हणावं तसंच ती म्हणाली. पण चाचा एकदम उभे राहिले. "माझ्या हातात नसेल," म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी सगळ्या पालकांसमोर पेटी ठेवली. जाधवांच्या मनीषाची चिठ्ठी चाचांनी त्यांना दाखवून आत टाकली. काढायला अरबी शिकवणाऱ्या बहरीनी बाईंना बसवलं. एकेक नाव वाचलं जाऊ लागलं. आठ नावं झाली. त्यांत सना नव्हती. आणि मनीषाही नव्हती.

हॉल रिकामा झाला. इक्बालभाई सरळ निघून गेले. चाचा पुढच्या रांगेत बसले होते, मी शेजारी जाऊन बसले. "बाय, दोनी पोरी ऱ्हायल्या," ते म्हणाले. मग विचारलं, "बरोबर केला का मी?" तेवढ्यात जाधव परत आले. कंपनीच्या गणवेशातच होते, ड्यूटीवर जायचं होतं. त्यांनी चाचांचा हात हातात घेतला. "नाव पेटीत पडलं, चाचा. मला तेवढंच बघायचं होतं." चाचांनी काही केल्या तो हात सोडला नाही. शेवटी जाधवच म्हणाले, "गाडी चालू ठेवलीय खाली."

ते वर्ष चाचांनी एकाच गोष्टीमागे घालवलं. शाळेचं जुनं सामान ठेवायची खोली रिकामी करायची आणि तिथे केजीची आणखी एक तुकडी काढायची. मंत्रालयाचा इन्स्पेक्टर टेप घेऊन येई, खिडकी लहान आहे म्हणे, दार आत उघडतं म्हणे. चाचा त्याच्यामागून "इंशाल्ला, इंशाल्ला" करत वही घेऊन फिरायचे आणि पुढच्या खेपेला खिडकी मोठी झालेली असायची. पुढच्या वर्षी तुकडी निघाली. मनीषा आली, सनाही आली. इक्बालभाई मुलीला रोज फाटकापर्यंत सोडायचे. भाऊ समोर दिसला तर तिला सोडून दुसऱ्या बाजूनं निघून जायचे. दोन्ही ईदना चाचांनी त्यांचं दार वाजवलं. दार उघडायची ती वहिनी. इक्बालभाई आत असायचे.

मग चाचांची धाकटी मुलगी बारावी झाली. शाळेत मूल नाही तर सभासदत्व नाही, असा नियम. त्या वर्षीच्या सभेत अध्यक्षांनी ठराव आणला की यांच्यासारख्या माणसासाठी नियम थोडा वाकवावा आणि यांना कमिटीवर ठेवावं. हॉलभर टाळ्या झाल्या. चाचा नको नको म्हणत उठत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "माझा विरोध हाय."

इक्बालभाई उभे होते. "एका मानसासाठी नियम बदलायचा नाय," ते म्हणाले. "माझ्या पोरीसाठी नव्हता बदलला."

चाचा मागे वळले. तीन वर्षांत भावानं त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यांचे डोळे भरून आले, पण चेहरा असा खुलला की मला आधी काही कळेचना. "माझा भाऊ बरोबर बोलतो," ते म्हणाले. "ठराव मागं घ्या." अध्यक्षांनी घेतला.

दोन महिन्यांनी चाचा कायमचे गावी निघाले. निरोप घ्यायला मी आणि माझे यजमान त्यांच्या घरी गेलो, तेव्हा खोलीभर खोके पसरलेले होते. दुधाच्या पावडरीचे डबे, ब्लँकेटं, नातवंडांची खेळणी. चाचा जमिनीवर बसून एका खोक्याला दोरी बांधत होते. आयुष्यभर जहाजांना दोऱ्या मोजून दिल्या, पण त्यांच्या हातात जोर राहिला नव्हता, दोरी सैल पडत होती. माझे यजमान मदतीला वाकणार, एवढ्यात उघड्या दारातून इक्बालभाई आत आले. सलाम नाही, काही नाही. चपला काढल्या, खोक्याजवळ गेले आणि दोरी ओढून बघितली.

"भाय, ही गाठ मुंबईपतूर टिकायची नाय. सर बाजूला."

चाचा सरले नाहीत. "तू वर बस," म्हणाले. "दाबून धर. मी आवळतो."

इक्बालभाई त्या खोक्यावर बसले. चाचांनी दोरी दोन्ही मुठींत धरली, पाय खोक्याला टेकवला आणि ओढायला लागले. पुठ्ठा कुरकुरला, वरचा माणूस एका बाजूला कलला आणि दोघंही एकदम हसायला लागले. हसता हसता चाचांच्या हातातली दोरी सुटली. इक्बालभाईंनी ती उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली.

चाचींनी आमच्यासाठी चहा आणला होता. आम्ही तो तसाच ठेवला आणि हळूच दार ओढून घेऊन बाहेर पडलो.