निळ्या कॅसेटची कड

तीन आठवड्यांपूर्वी कंधारहून वाघमारे काकूंचा फोन आला तेव्हा मी लातूरला वर्गावर होते. "सर गेले ग..." त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "पुण्यानुमोदनाला ये. त्यांच्या कॅसेटी लावायच्या हायेत." रडू येण्याआधी मला त्या कॅसेटींची भीती वाटली. त्याची लाज अजून गेलेली नाही.

वाघमारे सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. जीव मात्र विलायतेतल्या जुन्या लोकगीतांवर, तिथल्या तरुणांनी पन्नासेक वर्षांपूर्वी गिटार-ड्रमवर बसवलेल्या. "त्यांनी आज्यांची गाणी घेतली अन् विजेच्या गिटारीवर वाजवली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं कोणी करील का असं?" म्हणत ते ओळ न ओळ मराठीत सांगायचे. माझ्या घरात कुणी दहावी ओलांडलेली नव्हती. माझी इंग्रजीची भीती त्या गाण्यांनी घालवली. कॅसेटच्या कडेला दोन्ही बाजूंचा एकेक प्लॅस्टिकचा तुकडा असतो; फार आवडलेल्या बाजूचा तुकडा सर मोडून टाकायचे, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नसे. "आता हिला मरण न्हाई," म्हणायचे.

बारावीनंतर मुलाखतीच्या सरावासाठी त्यांनी मला टेपरेकॉर्डर घरी नेऊ दिला. "निळ्या कॅसेटची एक बाजू कोरी हाय, तिच्यावर बोल." मी घाईत उलटी बाजू लावली. माझ्या अडखळत्या इंग्रजीखाली एक गाणं अर्धं पुसलं गेलं, हैदराबादच्या मित्राकडून नुकतंच उतरवून आणलेलं, पुन्हा न मिळणारं; त्या बाजूचा तुकडा मोडायचा राहिला होता. मी काही न बोलता कॅसेट परत केली. पुढं पदवीचे पेढे दिले, नोकरीचे दिले... दर वेळी सरांचा हात टेपकडे गेला की मी काहीतरी निमित्त काढून उठायचे. वीस वर्षं मी सांगितलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि काकूंनी नेमकी निळी काढली.

"काकू, जुनी हाय, टेप तुटंल."

"तुटू दे की! ऐकायलाच ठेवली न्हवं?"

गिटार वाजली, व्हायोलिन आलं... खट्. मग माझा सतरा वर्षांचा, थरथरता आवाज. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला मान वर करता येईना.

"आल्यागेल्याला हेच ऐकवायचे," काकू म्हणाल्या. "मी म्हणायची, गाणं लावा की वो, तर म्हणायचे, हेच तर गाणं हाय."

निघताना त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली. बसमध्ये बसल्यावर मी भीत भीत तिच्या कडेवरून बोट फिरवलं.

माझ्या बाजूचा तुकडा मोडलेला होता.