गालातल्या चार सुया

युद्धाच्या काळातल्या एका मंगळवारी मुंबईच्या इस्पितळातून एक रोगी पळून गेला. त्याच्या गालात रेडियमच्या चार सुया होत्या.

कॅन्सरच्या गाठीत या सुया आठवडाभर टोचून ठेवत, मग दोऱ्याने ओढून काढत. कोणती सुई किती तास ठेवायची, याचे गणित माझ्याकडे होते. हरवलेली शोधणेही माझ्याकडेच. रोग्याचा पत्ता मळवली स्टेशनजवळच्या एका वाडीचा होता. बुधवारी सकाळच्या गाडीने निघालो. बरोबर शिशाची पेटी, लांब चिमटा आणि सोन्याच्या वर्खाची दोन पाने असलेले यंत्र होते. रेडियम जवळ आले की ती उघडी पाने मिटतात.

वाडीत मारहाण चालू होती. रोग्याचा गाल सुजल्याने त्याला बोलता येत नव्हते. थोरल्या भावाने गालातून लोंबणारे दोरे ओढले, तर प्रत्येक दोऱ्याला सुई. दवाखान्यातली सुई टोचून लगेच काढतात, एवढे त्याला ठाऊक होते. अंगात राहिलेली सुई म्हणजे करणी. रोग्याला रोज पेज देणाऱ्या शेजारच्या विधवेला त्याने अंगणात ओढून आणले होते. तिचा हात कोपरातून उलटा वळला होता. पुढचे दात पडले होते.

मी म्हणालो, "सुया इस्पितळाच्या आहेत. मीच दिल्या."

"मंग गालात शिवल्या कशाला? गाल हाय का जोडा त्यो?" असे म्हणून थोरल्याने हातातले दांडके माझ्या खांद्यावर घातले. दोघांनी त्याला धरले.

तीन सुया लिंबात खुपसून शिवेवर टाकल्या होत्या. पाने मिटली तिथे त्या मिळाल्या. पेटीत घालून, यंत्राला अडथळा नको म्हणून पेटी तिथेच ठेवली. चौथी कुठे, असे थोरल्याला विचारले.

"जिची तिला चारली."

यंत्राची पाने पुन्हा उघडून बाईजवळ गेलो. तिच्या पोटाशी पाने मिटली.

ती म्हणाली, "भाऊ, करणी माजी न्हाई, येवढं ह्यांस्नी सांगा."

मी पुन्हा सांगितले. शिवेवरून पेटी उचलून आणली. चौघांनी तिला बाजेवर घालून स्टेशनवर आणले. रोगी यायला तयार झाला नाही.

गुरुवारी इस्पितळात तिचे पोट उघडून सुई काढली. सुईने आतडे फाडले होते. शनिवारी दुपारी बाई वारली. वाडीला तार केली. प्रेत न्यायला कोणी आले नाही.