काचेतला खलबत्ता

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी भिंतीत एक काचेचं कपाट आहे. सुतारानं ते पुस्तकांसाठी केलं होतं. पण आमच्या घरात पुस्तकं वाचणारी मी एकटी, आणि मीही झोप येईपर्यंतच वाचते, त्यामुळे तिथे आधी लग्नात आलेले काचेचे ग्लास आणि शाळेतून मिळालेली सन्मानचिन्हं होती. वडील गेल्यावर मी ते सगळं माळ्यावर टाकलं, कपाटात एक छोटा पिवळा दिवा बसवून घेतला आणि तिथे अण्णांच्या वस्तू मांडल्या. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. एका बाजूला त्यांचा चष्मा, दुसऱ्या बाजूला अडकित्ता आणि चुन्याची डबी, आणि मधोमध निळ्या मखमलीच्या तुकड्यावर पान कुटायचा पितळी खलबत्ता. मुठीएवढा.

मला घर मांडायची हौस आहे. हौसेच्या भरात मला समोरचं माणूस दिसत नाही, असं नवरा म्हणतो. तो बऱ्याचदा चुकतो, म्हणून मी ते कधी मनावर घेतलं नाही.

अण्णा आणि आई काष्टीला, भावाजवळ राहायचे. म्हणजे घर एकच, पण दुपारी भाऊ आणि वहिनी मळ्यात गेले की घरात ते दोघंच. अण्णांचे दात लवकर गेले. कवळी करून दिली होती, ती ते लग्नकार्यात फोटोपुरती घालायचे आणि जेवायच्या आधी खिशात टाकायचे. पान मात्र सुटलं नाही. जेवण झालं की ते ओट्यावर खांबाला टेकून बसायचे आणि आई समोर बसून कुटायला घ्यायची. पानाचे देठ खुडायचे, चुना लावायचा, कात, अडकित्त्यानं कातरलेली सुपारी, चिमूटभर बडीशेप, आणि मग ठक ठक ठक. कुटून झालं की बोटानं काढून ती अण्णांच्या तळव्यावर ठेवायची. अण्णा दर वेळी म्हणायचे, “लई झालं गं हे,” आणि अर्धं तिला परत द्यायचे. खरं तर कधीच लई झालेलं नसायचं. पुढे आईच्याही दाढा गेल्या, पण तोवर पान दोघांचं मिळून कुटलं जात होतं, त्यामुळे तिच्या दाढा गेल्याचं आम्हां कुणाच्या लक्षात आलं नाही.

अण्णांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नगरला परत निघाले. निघताना मी अण्णा-आईच्या खोलीत गेले, कोनाड्यात खलबत्ता दिसला आणि मला रडू कोसळलं. मी तो छातीशी धरला आणि आईला म्हणाले, “हा मी नेऊ? अण्णांची आठवण म्हणून.” वहिनी दारात उभी होती. ती काहीतरी बोलणार होती, पण आईनं तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. आईनं अण्णांच्या जुन्या उपरण्याचा तुकडा घेतला, खलबत्ता त्यात बांधला, अडकित्ता आणि चुन्याची डबी न मागताच वर ठेवली आणि म्हणाली, “ने बाई. तुझ्या बापाचंच हाय.”

नगरला आल्यावर मी तो कापडबाजाराकडच्या एका पॉलिशवाल्याकडे दिला. खलाच्या आत पिढ्यानपिढ्यांचा कात बसून काळपट लाल थर झाला होता. त्यानं तो काढला, पितळ सोन्यासारखं लखलखीत केलं, आणि वर विचारलं, “मॅडम, शोसाठीच ना? मग लॅकर मारून देतो, पुन्हा काळं पडायचं नाही.” मी म्हटलं, मारा. आतून-बाहेरून मारा.

काही महिन्यांनी वहिनीचा फोन आला तेव्हा मी सहज विचारलं, आई दुपारी काय करते, पान वगैरे खाते का. वहिनी म्हणाली, “न्हाई वन्सं, पान न्हाई खात आता त्या.” एवढंच बोलली. आणि मी एवढ्यावरून अख्खी गोष्ट रचली. अण्णा गेले आणि आईनं पान सोडलं. ज्याच्यासाठी कुटायची तोच राहिला नाही, मग कुणासाठी कुटायचं? मला ते इतकं पटलं, इतकं सुंदर वाटलं, की आईला एका शब्दानं विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. पाहुणे आले, काचेच्या कपाटाकडे त्यांचं लक्ष गेलं, की मी दिवा लावायची आणि ही गोष्ट सांगायची. बायकांचे डोळे भरून यायचे. मग मी चहा टाकायची.

हे घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्याकडे वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवतात. दारापुढे मांडव, गावजेवण, आणि महाराजांना गेलेल्या माणसाची माहिती आधी द्यावी लागते, म्हणजे ते कीर्तनात चार शब्द बोलतात. भावानं ते काम माझ्याकडे दिलं, कारण मी मास्तरीण, मला बोलता येतं. मी महाराजांना अण्णांचं सगळं सांगितलं आणि शेवटी पानाची गोष्ट सांगितली. महाराजांनी ती हेरली. ऐन रंगात आल्यावर त्यांनी बोट थेट आईकडे केलं. “अरे, माणसं दारू सोडत नाहीत, तंबाखू सोडत नाहीत. आणि ही माउली पाहा! धनी गेले त्या दिवसापासून पानाला शिवली नाही. याला म्हणतात संसार!” अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. कीर्तन संपल्यावर बायका रांगेनं आईच्या पाया पडल्या. आई पदर कपाळावर ओढून खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, लाजली. मला तिचा अभिमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, माझाही वाटला.

यंदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, म्हणून ती नगरला आमच्याकडे राहायला आली. आल्या दिवशी ती काचेच्या कपाटापुढे उभी राहिली. मी कौतुकानं दिवा लावला. तिनं काचेला हात लावला आणि लगेच पदरानं पुसला, जणू तिच्या बोटांचा डाग पडला असता. म्हणाली, “झकास दिसतंय. वळखूच येईना.”

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं, शेजारच्या बाई आईला भेटायला आल्या आणि मी माझी गोष्ट सुरू केली. आई समोरच बसली होती. गोष्ट संपल्यावर त्या बाई आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “खरंच सोडलंत हो तुम्ही?” आई म्हणाली, “व्हय.” मग ती बराच वेळ कपाटाकडे बघत राहिली. हिरवी पट्टी लावलेल्या डोळ्यानं नाही, दुसऱ्या डोळ्यानं.

आमच्या गॅलरीत कुंडीत विड्याच्या पानांचा वेल आहे. पूजेला पानं लागतात म्हणून मी लावला होता. आई आल्यापासून त्याची पानं कमी व्हायला लागली, चांगली कोवळी पानं देठापासून गायब. मला वाटलं, कीड लागली. मी कडुलिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी वेलावर फवारलं. आई खुर्चीत बसून बघत होती.

एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी दुपारी लवकर घरी आले. किल्लीनं दार उघडलं तर स्वयंपाकघरातून दबका आवाज येत होता. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिनं ओट्यावर नॅपकिनची घडी घातली होती, त्यावर स्टीलची वाटी, आणि वाटीत ती पेल्याच्या बुडानं काहीतरी चेचत होती. घडी अशासाठी, की आवाज होऊ नये. मी “आई” म्हटल्याबरोबर तिनं वाटीवर पदर टाकला.

मी पदर बाजूला केला. वाटीत पान होतं. धड कुटलं गेलेलं नव्हतं, नुसतं फाटलेलं, आणि सुपारीचे खडे तसेच. स्टीलची सपाट वाटी आणि पेला, त्यात काय कुटलं जाणार.

“हे काय गं?” मी विचारलं.

“काय न्हाई. तोंडाला चव न्हवती म्हनून.”

“आई, पण हे पान... मी त्यावर कडुलिंब मारलाय!”

“कळलं मला,” ती म्हणाली. “लई कडू लागतंय दोन दिस झालं.”

मला हसू आलं आणि हसता हसताच माझं तोंड वाकडं झालं. मी खाली फरशीवर बसले. ती पण बसली, गुडघ्यावर हात टेकून. मी विचारलं, “तू पान सोडलं नव्हतंस?”

“मी कशाला सोडू? पर खायचं कशानं? दाढा न्हाईत तोंडात. कुटायला काय हुतं का घरात?”

“अगं, मग नवीन घ्यायचा एक. बाजारात मिळतो की.”

“आन् घरातला कुठं गेला म्हनून तुझ्या भावानं इचारलं असतं, मग? पोरीनं नेला आन् आता म्हातारी नवा मागती, असं झालं असतं. तुझ्या भावजयीला तवाच बोलायचं हुतं. मीच गप बस म्हनलं.”

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

ती माझ्याकडे बघून सहज म्हणाली, “तू रडत हुतीस की. रडत्या पोरीच्या हातातनं काढून कसं घ्यायचं?”

मी उठले, कपाट उघडलं आणि खलबत्ता आणून तिच्या पुढ्यात ठेवला. वेलाची वरची, फवारा न लागलेली पानं शोधून आणली, चांगली धुतली. देवाच्या डब्यातली सुपारी अण्णांच्याच अडकित्त्यानं मी कातरायला घेतली. जमेना, तिनं हातातून घेतली. तिनं खल मांडीपाशी ओढला आणि बत्ता उचलला. घरात ठक ठक सुरू झालं. तिचा चेहरा सैल झाला. इतक्या दिवसांत आमच्या घरात ती पहिल्यांदा पाहुण्यासारखी दिसत नव्हती.

मग ती थांबली. बोटावर घेऊन उजेडात धरलं. हिरव्या चोथ्यात चकचकीत पिवळट पापुद्रे मिसळलेले होते. “हे काय सुटतंय गं आतनं?”

लॅकर. आतून-बाहेरून मारा म्हटलं होतं मी. मी तिला सांगितलं. ती ते टाकून द्यायला तयार नव्हती, म्हणाली, पापुद्रं येचून खाते की. मी तिच्या हातातून खल ओढून घेतला आणि सिंकमध्ये उपडा केला. हे दुसऱ्यांदा मी तिच्याकडून तो काढून घेत होते.

त्या संध्याकाळी मी चाकू आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. लॅकर सहजासहजी निघत नाही. आतली गोलाई नखानं, चाकूच्या टोकानं खरवडावी लागली. पितळाला आत ओरखडे पडले, तळाशी तर पार बोडकं दिसायला लागलं. नवरा बघून म्हणाला, “वाट लावलीस की.” चिंच लावून धुतला, गरम पाण्यानं धुतला, पुन्हा धुतला. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं त्यात पान कुटलं, निम्मं स्वतःच्या तोंडात घातलं आणि निम्मं माझ्यापुढे केलं. “लई झालं गं हे,” म्हणाली.

ती काष्टीला निघाली तेव्हा मी खलबत्ता उपरण्याच्या त्याच तुकड्यात बांधून तिच्या पिशवीत वर ठेवला. तिनं तो काढला आणि लुगड्यांच्या खाली, अगदी तळाला ठेवला.

“वर असू दे की,” मी म्हटलं.

“नगं. कुनी बघितलं तर?”

मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, “समद्या गावाला ठावं हाय मी पान सोडलंय म्हनून. मांडवात म्हाराजांनी सांगितलंय. बाया पाया पडल्यात माझ्या. आता कुठल्या तोंडानं खाऊ?”

“मी सांगते सगळ्यांना. दादाला सांगते, महाराजांना फोन करते. माझी चूक होती म्हणून सांगते.”

“आन् मग काय म्हनतील? धनी गेला तरी म्हातारीची चटक गेली न्हाई, म्हनतील. तू नगं काय सांगू. तू आता काही नगं सांगत जाऊ, बाई.” रागानं म्हणाली नाही. विनवणी केल्यासारखं म्हणाली, ते जास्त लागलं.

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कपाटात आता मखमलीवर अण्णांचा चष्मा मधोमध ठेवलाय, अडकित्ता आणि डबीही तिच्याबरोबर गेली. पाहुणे चष्म्याकडे बघतात, मी दिवा लावत नाही.

हल्ली दुपारी, भाऊ आणि वहिनी मळ्यात गेले की आई मला फोन करते. फोन बाजूला ठेवून ती बोलत असते आणि मागे ठक ठक चालू असतं. ती मागच्या खोलीत, दाराला कडी लावून बसते. ओट्यावर, अण्णांच्या खांबापाशी बसून तिला आता कुटता येत नाही. काल बोलता बोलता आवाज एकदम बंद झाला. कुणीतरी कडी वाजवत हाक मारत होतं. आई फोनमध्ये हळूच म्हणाली, “थांब जरा. पलीकडची नवी सून आलीया. सासूनं पाया पडायला धाडलीय.” मग खलबत्ता कुठेतरी आत सरकवल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग ती घाईघाईनं चूळ भरत होती.