घोडीची रेष पंचवीसच्या खाली

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी एका निर्दोष घोडीची अब्रू घालवली, आणि तीही गणिताच्या आधाराने.

माझ्या वडिलांना, आबांना, एक अबलख घोडी आवडली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण तिच्या मानेवर हात ठेवून सारखा हसत मला सांगत होता. "भाऊ, हाईच लेवानी! दुसरी नही!" मी सरळ घेऊन द्यायची की नाही? पण शहाद्यात शेतीची औषधं विकता विकता मी मोबाइलवर शेअर बाजार शिकलो होतो. (तीन धडे फुकट होते, तेवढेच!) त्यातला एक इंडिकेटर माझा फार लाडका. त्यात भाव भरत राहायचे, मग शून्य ते शंभरमध्ये एक रेष फिरते. ती पंचवीसच्या खाली जाऊन वर वळली की खरेदी!

"आबा, थांबा. रेष अजून खाले उनी नही."

"आनि घोडी कोनी लई ग्या तर?"

"ट्रेंड शे ना आबा!"

आता रेषेला ताजे भाव हवेत, आणि इथे भाव कुणी तोंडाने बोलत नाही. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. मी दर अर्ध्या तासाने घोडीवाल्याच्या रुमालाखाली हात घालत होतो, आकडा घेऊन पळत होतो. आठव्या वेळी तो भडकला. "तुले घोडी लेवानी शे का मन्हा हात?"

चार वाजेपर्यंत अकरा वेळा झालं. आणि भाव खरंच उतरू लागला! मी हर्षाने वेडा. का उतरतोय, हे विचारायची गरज मला वाटली नाही. तिकडे बाजारभर कुजबुज सुरू होती, "अकरा सौदा मोडनात! पोटखाले खोटा भवरा व्हई!" माणसं वाकून वाकून घोडीच्या पोटाखाली केसांचा अशुभ भोवरा शोधत होती, कुणी शेपटी उचलत होतं. गिऱ्हाइकं पांगली, घोडीवाला घामाघूम.

अकरावा आकडा भरला आणि रेष पंचवीसखाली जाऊन वळली. मी धावलो. आबा चहाच्या टपरीवर मान खाली घालून बसले होते.

"नही लेवानी."

"कसाले?"

"जी घोडी अकरा जणस्नी सोडी, ती मी दारशी बांधू?" त्यांचे डोळे भरले होते.

"आबा... ते अकरा जण मीच."

आबांचा कप हातातच राहिला. मग ते उठले, त्यांनी मला मनगटाला धरून घोडीवाल्यापुढे नेलं आणि भर बाजारात हात जोडून सगळं सांगितलं. लोक पोट धरून हसले. घोडी निर्दोष ठरली, आणि पांगलेली गिऱ्हाइकं क्षणात परतली! रुमालाखाली हातांची रांग लागली. आबांनी घोडी मिळवली, पण सकाळच्या भावापेक्षा कितीतरी जास्त देऊन. सौदा होईपर्यंत माझे दोन्ही हात माझ्याच काखेत दाबून ठेवायची शिक्षा होती.

परतताना मी मोबाइलमध्ये शेवटचा भाव भरला. रेष थेट शंभराला टेकली. इंडिकेटरने मंदी अचूक दाखवली होती, तेजीही अचूक दाखवली. त्या मंदी-तेजीचं कारण तेवढं त्यात दिसत नव्हतं; ते पिकअपमध्ये घोडीच्या शेपटीमागे मोबाइल धरून बसलं होतं!