बुरुल उडाली होती

आमच्या घरात एक शिरदाक आहे. लोकरीच्या नमद्याचा, लाल-काळ्या नक्षीचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत येणारा गालिचा. आल्यागेल्याला बायको कौतुकानं सांगते, "यांना सुयुंचूत, आनंदाची बातमी नेल्याच्या बक्षिसात, मिळालाय हो. तळ्याकाठच्या एका म्हातारीनं स्वतःच्या हातानं केलेला." तेव्हा मी चहाच्या वाटीत तोंड खुपसून बसतो. चाळीस वर्षं झाली, त्या शिरदाकवर मी पाय ठेवलेला नाही. भिंतीच्या कडेकडेनं जातो. बायकोला वाटतं माझे गुडघे दुखतात. वाटू दे.

मी ओमुरकुल. आमच्या राजधानीत, फ्रुंझेच्या सिनेमा स्टुडिओत तारा बांधायचो. शहराचं नाव बदललं, माझ्या जिभेवर जुनंच बसलंय. पडद्यावर माणूस उडताना दिसला की समजायचं, वर कुठेतरी क्रेनजवळ मी घामाघूम होऊन शिव्या घालतोय.

त्या वर्षी मुलांचा सिनेमा निघाला. इसिक-कुल तळ्यात आकाशातून निळा दगड पडतो आणि काठच्या तीन पोरांच्या अंगात शक्ती येते. एकाला माशांचं बोलणं ऐकू येतं, एकाच्या हाताच्या उबेनं बर्फ वितळतं आणि तिसरी मुलगी उडते. आईबापांनी पोरांना घेऊन बघावा असा सिनेमा. उडणारीचं काम एका मोठ्या नटाच्या मुलीकडे होतं. जिबेक तिचं नाव. दिसायला गोड, पण तळ्याकाठच्या लाल कड्यांच्या टोकावर नेऊन उभी केली तर पोरगी माझ्या पायाला मिठी मारून बसली. तिचं तरी काय चुकलं? खाली बघून मलाच गरगरत होतं.

आमचे उपसंचालक जुनुशालियेव म्हणाले, "ओमुर, तिच्या चणीची दुसरी बघ. गुपचूप. लहान पोर कड्यावर टांगायची परवानगी आपल्याकडे नाही. कागदावर तिला स्वयंपाकाला मदतनीस दाखवू."

बुरुल मला साय-बाशी गावात सापडली. मी जर्दाळू आणायला गेलो होतो आणि ही दहा वर्षांची पोर पॉपलरच्या शेंड्यावर बसून मॅगपाय पक्ष्याच्या घरट्यात वाकून बघत होती. आईबाप नव्हते, आजीनं वाढवलेली. मी खालून ओरडलो, "पडशील की गं." तर वरून उत्तर आलं, "तुम्ही बाजूला व्हा, आके, म्हणजे तुमच्यावर नाही पडणार." तिथंच मी ठरवलं.

असं पोर मी पुन्हा पाहिलं नाही. चामड्याचा पट्टा मी स्वतः शिवला, पोशाखाच्या आत बसेल असा. दोन पोलादी तारा, आभाळाच्या रंगानं रंगवलेल्या. पहिल्यांदा कड्यावरून सोडली तेव्हा मीच क्रेनला दोन्ही हातांनी धरून बसलो. ही हात पसरून तळ्यावर गेली, वळली आणि ओरडली, "आके, आणखी वर." दोन महिने हेच. आणखी वर, आणखी वर.

मध्ये एकदा तिला आजीकडे घेऊन गेलो. सोनुन आपांनी नातीचा सदरा वर केला आणि खांद्यावरचे काळेनिळे वळ पाहिले. माझी पाचावर धारण बसली. खरं काय ते सांगून टाकलं. म्हातारीनं मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट केली, वळांवर चोळली आणि विचारलं, "भिते का रे ती?"

"नाही आपा. मी भितो."

"मग चांगलं आहे. एक भिणारा पाहिजेच." एवढं बोलून तिनं दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून आम्हाला आशीर्वाद दिला.

शेवटच्या दिवशी वारं सुटलं होतं. बुरुल पहिल्यांदाच अडून बसली. भीती नव्हे, हिशोबी होती पोरगी. म्हणाली, "सिनेमात माझं नाव येईल का? आजीला वाचता येत नाही. सगळं गाव ते मोठ्यानं वाचून तिला सांगेल, असं पाहिजे मला."

मी म्हणालो, "येईल. माझा शब्द."

मी कोण शब्द देणारा? तारा बांधणारा माणूस. पण दिला आणि ती त्या वाऱ्यात उडाली. सिनेमात सगळ्यात सुंदर आहे ते तेच उडणं. पडद्यावरची नावं लिहिणाऱ्याला मी दोनदा जाऊन सांगितलं, "बुरुल हे नाव घाल बाबा." तो म्हणाला, "बघू." त्या "बघू"वर मी दोन वर्षं निवांत झोपलो.

साय-बाशीत मात्र बुरुलनं सांगून टाकलं होतं की उडणारी ती आहे. कोण विश्वास ठेवणार? सरकारी कागदावर स्वयंपाकाला मदतनीस. गावचा ब्रिगेडियर, म्हणजे सामूहिक शेतावरचा मुकादम, काल्मात तिला रस्त्यात थांबवून विचारायचा, "काय विमान, आज बटाटे कितीला सोलतेस?" दोन वर्षं पोरीनं ते ऐकून घेतलं. एकच म्हणायची, "सिनेमा येऊ द्या."

आणि सिनेमा आला. फिरत्या गाडीबरोबर स्टुडिओचा माणूस म्हणून मीच होतो. पूर्ण झालेली प्रत मी पाहिली नव्हती, आणि तरीही सकाळी सोनुन आपांच्या फाटकाशी जाऊन हात वर करून हाक दिली, "सुयुंचू, आपा, सुयुंचू! तुमच्या पोरीचा सिनेमा आला."

आनंदाची बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं, हे आमच्यात पोराटोरांनाही कळतं. म्हातारी आत गेली आणि हा शिरदाक घेऊन आली. बुरुलच्या लग्नासाठी तीन हिवाळे खपून केलेला. मी नको म्हणालो. आपा म्हणाली, "याच्यापेक्षा मोठी बातमी या घरात येणार आहे का? घे." मेंढा कापायला बांधलेला होताच. मी शिरदाक खांद्यावर टाकून गाडीकडे आलो, छाती काढून.

दुपारी जुनुशालियेवांची जीप आली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाव बिव काही नाही हं. पेपरात आलंय की जिबेकनं सगळं उडणं स्वतः केलं. आता कुणी पोरगी मी उडाले म्हणाली, तर बिनपरवानगी पोर टांगलं म्हणून आपण सगळे आत. आणि ओमुर, तुला मिळायच्या सरकारी घराचा कागद माझ्या टेबलावर आहे. बायको बाळंत व्हायची आहे ना? वसतिगृहातच ठेवणार तिला?"

खेळाला अजून तास होता. सिनेमा लागणार होता त्या गावच्या क्लबपासून आपांचं घर पन्नास पावलं. जाऊन सांगता आलं असतं की आपा, नाव नाही, पोरीला आज आणू नका. मी गेलो नाही. गाडीच्या सावलीत बसून कलिंगड खाल्लं. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

खिडक्यांना घोंगड्या लावून क्लबात अंधार केला. सगळं गाव आलं होतं. बुरुल बारा वर्षांची, नव्या रिबिनी लावून आजीला चिकटून पहिल्या रांगेत. उडणं आलं तसे लोक श्वास धरून बसले. दूरवर, पाठमोरी, हात पसरलेली. आणि जवळून चेहरा दाखवला की जिबेकचा. शेवटी नावं आली. शाळेतली पोरं एकेक नाव मोठ्यानं वाचत होती, बुरुलनंच सांगून ठेवलं होतं त्यांना. ड्रायव्हरचं नाव आलं. तारा बांधणाऱ्याचं, माझं, आलं. मग पडदा पांढरा झाला.

घोंगड्या काढल्या. काल्मात उठला. "काय विमान, कुठल्या ढगात होतीस?" पोरं खिदळली. बुरुलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. आता हे सांगतील, एवढ्या भरवशानं.

सोनुन आपांनी विचारलं, "ओमुर, तूच सांग बाळा. ती आमची पोर होती ना?"

जुनुशालियेव दाराशी सिगारेट पेटवत होते. मी हसलो. हो, हसलो. म्हणालो, "सिनेमात सगळ्या युक्त्या असतात, आपा. पण तुमच्या नातीनं बटाटे मात्र फार छान सोलले."

सगळा क्लब हसून लोळला.

म्हातारीनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. ते वळ तिनं स्वतःच्या हातानं चोळले होते. मी खोटं बोलतोय हे तिला पक्कं माहीत होतं. पण मी तिच्या घरचा पाहुणा, सुयुंचू घेतलेला, माझ्यासाठी चुलीवर मेंढा शिजत होता. ती उठली आणि लोकांना म्हणाली, "हसू नका पोरीला. ही उडण्याची गोष्ट मीच उठवली. म्हातारपणी मिरवायची हौस, दुसरं काय. पोर बिचारी माझी री ओढत होती. चला, जेवायला चला सगळे."

माझी अब्रू राखायला तिनं स्वतःच्या पांढऱ्या केसांना खोटारडेपणा लावून घेतला.

जेवणाआधी घरातल्या धाकट्यानं पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं. बुरुल तांब्या घेऊन आली. जुनुशालियेवांच्या हातावर घातलं, मग माझ्या. पाणी कोमट होतं. रिबिनी काढून टाकल्या होत्या. तिनं वर पाहिलं नाही. मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं, कारण नाही म्हणायची छाती नव्हती.

घर मिळालं. दोन खोल्या. शिरदाक बरोबर बसला.

मागच्या वसंतात डॉक्टरांनी माझं हृदय तपासून तोंड वाकडं केलं. मी बायकोला सांगितलं की शिरदाक धुवायला नेतो आणि गुंडाळून साय-बाशीची गाडी धरली. सोनुन आपा जाऊन तीस वर्षं झाली होती. बुरुल गावच्या शाळेत पोरांचा स्वयंपाक करते. मी गेलो तेव्हा ती मागच्या अंगणात होती, पुढ्यात बटाट्यांचं पोतं, हातात सुरी.

तिनं मला लगेच ओळखलं. "या आके. बसा. एवढे संपवते." मग सोलता सोलताच म्हणाली, "छान सोलते ना अजून?"

टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. मी शिरदाक तिच्या पुढ्यात ठेवला. म्हणालो, "हा तुझा आहे. मला माफ कर असं म्हणायचं तोंड नाही. परत घे फक्त."

"सुयुंचू परत घेतात का कुठे? आजी उठून बसेल कबरीत." सालीचं लांब वेटोळं तिनं बादलीत टाकलं. "ती सांगून गेली होती. ओमुर कधीतरी येईल, त्याला जेवल्याशिवाय पाठवू नको."

तेवढ्यात तिची सहा-सात वर्षांची नात धावत आली. "आजी, हे आजोबा कोण?"

मला वाटलं, हीच वेळ. चाळीस वर्षं उशिरानं का होईना. मी त्या पोरीला जवळ घेतलं आणि नीट, मोठ्यानं सांगितलं, "बाळ, मी सिनेमात तारा बांधायचो. तुझी ही आजी आहे ना, ती लाल कड्यांवरून तळ्यावर उडाली होती. पडद्यावर उडते ती हीच. मी बांधली होती तिला."

पोरीचे डोळे मोठे झाले. "खरंच, आजी?"

बुरुलनं सुरी थांबवली. माझ्याकडे पाहिलं, अगदी सोनुन आपांसारखं.

"छे गं," ती म्हणाली. "पाहुणे थट्टा करतायत. मी तिथे बटाटे सोलायचे."

नात हसत सुटली, पळून गेली. मी म्हणालो, "का गं? आता तर मी खरं सांगत होतो."

"ती शाळेत जाऊन सांगेल, आके. मग तिला हसतील. आणि तुम्ही तर संध्याकाळच्या गाडीनं जाणार."

तिनं चुलीवरचा तांब्या उचलला. मी हात पुढे केले. पाणी कोमट होतं.